सुलाबाईच्या बदली भागीबाई

माझा बिल्ला पिवळा होता. सरकारांच्या लोकांचे निळे, पत्रकारांचे हिरवे, हॉटेलच्या नोकरांचे पांढरे आणि आमच्यासारख्यांचे पिवळे. बिल्ल्यावर माझा फोटो होता, नाव होतं, आणि खाली इंग्रजीत एक शब्द. तो काय म्हणून चैतालीला विचारलं.

"निरीक्षक," ती म्हणाली. "म्हणजे आपण बघायचं."

"काय बघायचं?"

"सभा कशी चालते ते."

"आणि बोलायचं कधी?"

"शेवटी. वेळ उरला तर."

आमचं मंडळ शेतात मजुरी करणाऱ्या बायांचं आहे. निफाड, पिंपळगाव, दिंडोरी या भागातल्या द्राक्षबागांवर जाणाऱ्या बाया आणि पेठ-सुरगाण्याकडून हंगामात टोळीने येणाऱ्या बाया, दोन्हीकडच्या त्यात आहेत. सगळ्यांत म्हातारी मी, म्हणून अध्यक्ष मी. निफाड तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात माझी नर्सची नोकरी झाली. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली तरी बाया मला अजून शिस्टरच म्हणतात. चैताली मंडळाची चिटणीस. तिशीची आहे, पत्रव्यवहार आणि इंग्रजी सगळं तिच्याकडे.

यंदा ऑगस्टमध्ये पुष्कळ देशांच्या सरकारांची सभा नाशकात भरली. शेतीच्या औषधांसाठी सगळ्या देशांनी मिळून एक नियमावली करायची, तिचा मसुदा पक्का करायला. असल्या सभांना सरकारी नसलेल्या संस्थांनाही बसता येतं, असं चैतालीने कुठून तरी शोधून काढलं. अर्ज केला. पुष्कळ महिन्यांनी उत्तर आलं की दोन जणांना येता येईल, नावं कळवा. आम्ही माझं आणि तिचं कळवलं.

सभा आग्रा रोडवर आडगावच्या अंगाला एका मोठ्या हॉटेलात होती. मी लहान असताना त्या बाजूला पेरूच्या बागा होत्या. वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कामाला. सुट्टीच्या दिवशी सायकलच्या दांडीवर बसवून मला तिकडे आणायचे. रस्त्याला दोन्ही बाजूंनी इतकी झाडं की उन्हाळ्यातसुद्धा टोपी लागत नसे. बागवान पडलेले पेरू उचलू द्यायचा, झाडाला हात लावू द्यायचा नाही. हॉटेलच्या दारातून आत शिरताना मला उगाचच त्या पेरूंचा वास आठवला. आत मात्र वास कसला तरी गोड, फिनेलसारखा, आणि गारठा असा की गुडघे तिथल्या तिथे धरले.

आमचं मागणं एवढुसं होतं. ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी झाली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना एक औषध लावतात. आमच्याकडे त्याला सगळे पेस्ट म्हणतात. मालक डब्यातून ते बादलीत ओततो, पाणी घालतो, आणि बाया फडक्याने किंवा स्पंजाने एकेका डोळ्याला लावत जातात. हातमोजे कधी असतात, कधी फाटके असतात. कातडी सोलते, नखं काळी पडून उचकटतात. मसुद्यात लिहिलं होतं की औषधाचं नाव आणि धोका मूळ डब्यावर वापरणाऱ्याला कळेल अशा भाषेत असावा. चांगलंच लिहिलं होतं. पण बायांनी डबा कधी पाहिलेलाच नसतो. डबा मालकाच्या घरी, बाई बागेत, मधे बादली. म्हणून आम्हाला त्या वाक्यापुढे एवढंच हवं होतं: 'आणि ते ज्या भांड्यात ओतलं जाईल, त्यावरही.'

ही बादलीची गोष्ट मूळची भागीबाईची. भागीबाई भोये, पेठ तालुक्यातली. साठीची असेल. दरवर्षी टोळी घेऊन निफाडकडे येते. तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना नखंच नाहीत, उजव्याची आहेत ती शिंपल्यासारखी वाकडी. यंदा तिची धाकटी मुलगी संध्या पहिल्यांदा पेस्टला जाणार होती. म्हणून सभेचं कळल्यावर भागीबाई भाताची आवणी उरकून सरळ माझ्या घरी येऊन राहिली. तिला आत जायला बिल्ला नव्हता. ती रोज आमच्याबरोबर रिक्षाने यायची आणि हॉटेलच्या बाहेर बसायची. पुढे तिला कळलं की हॉटेलच्या दिवाणखान्यात कोणीही बसलं तरी चालतं, बिल्ला फक्त सभागृहाच्या दाराशी बघतात. मग ती तिथल्या मऊ खुर्चीत पाय वर घेऊन बसू लागली.

पहिल्या दिवशी आम्ही सर्वांत मागच्या रांगेत बसलो. समोर प्रत्येक देशाच्या नावाची पाटी. कोणी बोलायला लागलं की कानाला यंत्र लावायचं, त्यात दुसरी भाषा येते. माझ्या यंत्रात चैतालीने इंग्रजी लावून दिलं. ते मला तुकड्यातुकड्याने कळतं. एक जण म्हणाला, अध्यक्षांचे आभार. दुसरा म्हणाला, अध्यक्षांचे आभार, आणि आधीच्या वक्त्याशी आम्ही सहमत आहोत. तिसऱ्यानेही आभार मानले. मला वाटलं, बरं चाललंय.

मग अध्यक्षबाई काहीतरी बोलल्या आणि सगळे उठले.

"संपलं?" मी विचारलं.

"नाही, आता अनौपचारिक बैठक आहे. आपल्याला बाहेर जावं लागेल."

"अनौपचारिक म्हणजे चहा?"

"नाही हो ताई. मसुद्यातले शब्द तिथेच ठरतात."

"मग इथे काय ठरतं?"

चैतालीने जरा विचार केला. "इथे ठरलेलं वाचून दाखवतात."

हे मला आजपर्यंत नीटसं उलगडलेलं नाही. जिथे सगळं ठरतं ती सभा अनौपचारिक, आणि जिथे नुसते आभार मानतात ती औपचारिक. आणि आम्हाला परवानगी औपचारिकची.

मी आयुष्यात मोर्चे पुष्कळ पाहिले. सीबीएस स्टँडवरून कलेक्टर कचेरीपर्यंत उन्हात चालायचं, फाटकाशी बसकण मारायची, घोषणा द्यायच्या. मग आतून निरोप यायचा की शिष्टमंडळ पाठवा. आमच्यातल्या चार-पाच जणी पदर सारखा करून आत जायच्या. बाकीच्या बाहेर भाकरी सोडायच्या. शिष्टमंडळ चहा पिऊन बाहेर यायचं आणि सांगायचं, आश्वासन मिळालं. पुढे त्याचं काही होवो न होवो, पण आत कोण आणि बाहेर कोण हे तरी कळत होतं. बाहेर होतो तेव्हा ओरडत होतो. इथे आत होतो आणि गप्प बसलो होतो.

चैतालीला आमच्या निवेदनात माझ्या आईची गोष्ट घालायची होती. आई दहा-बारा वर्षांची असताना काळारामाच्या दाराशी सत्याग्रहाला बसली होती, तिच्या आईच्या मांडीला मांडी लावून. आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली आहे. चैताली म्हणाली, "ताई, दार बंद होतं तेव्हाही नाशिक होतं आणि आजही नाशिक आहे. दोन मिनिटांत एवढं सांगितलं तरी लोक ऐकतील."

मी नको म्हटलं. का नको, ते मला तिला सांगता येईना. ते दार बंद होतं, आणि बंद आहे हे आईला बसल्या जागेवरून दिसत होतं. इथे दार उघडंच होतं. दाराशी उभा असलेला पोरगा आम्हाला लवून नमस्कार करायचा. आत थंड पाण्याच्या बाटल्या होत्या, खुर्चीला गादी होती. कोणी आमचा अपमान केला नव्हता. मग मला दिवसभर कोंडल्यासारखं का वाटत होतं, हे आईच्या गोष्टीत बसत नव्हतं.

दुसरा दिवसही असाच गेला. आत, बाहेर, आत. दिवाणखान्याच्या टोकाला नोंदणीच्या टेबलाशी प्रफुल्ल नावाचा एक तरुण माणूस बसायचा. पिवळ्या बिल्ल्यांचं सगळं त्याच्याकडे. पहिल्या दिवशी त्याने बिल्ल्यावरचं माझं आडनाव वाचलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच "जय भीम, आजी" म्हणाला. मीही जय भीम म्हटलं. त्याला मी सारखी विचारायची, आमची पाळी कधी.

"आजी, आजच्या यादीत शेवटून दुसरं आहे तुमचं. पण वेळ सरकारांनीच घेतला तर उद्यावर जातं."

"आणि उद्या त्यांनीच घेतला तर?"

"मग लेखी देता येतं."

"लेखी वाचतं कोण?"

तो हसला. समोरचे बिल्ले नीट लावू लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझे गुडघे संपले. आतल्या गारठ्याने पाय असे आखडले की जेवणाच्या सुट्टीत भागीबाईने मला धरून खुर्चीत बसवलं. दिवाणखान्यात काचेतून ऊन येत होतं, ते बरं वाटलं. चैताली पुन्हा आत गेली होती.

भागीबाई माझे पाय चेपत म्हणाली, "शिस्टर, तुम्ही बसा उन्हात. द्या तो बिल्ला, मी बसते तुमच्या बदली."

"अगं, माझा फोटो आहे त्यावर."

"दोघींचे केस पांढरेच हायत. आन् आज काय पाळी येत नाय, तो टेबलावरचा पोरगाच म्हनत व्हता. जागा रिकामी ऱ्हायली तं नाव कापतील."

हे तिचं म्हणणं तिच्या जागी सरळ होतं. टोळीत बदली ही रोजची गोष्ट आहे. एखादीला ताप आला, पाहुणे आले, तर तिची जाऊ नाहीतर शेजारीण तिच्या जागी बागेत जाते. मुकादम सकाळी नाव घेतो ते आजारी बाईचंच, आणि बदलीवर आलेली ओ देते. दिवसभर ती त्या नावाची. हजेरी त्या नावाची, ओळ त्या नावाची. पुढे कधीतरी दुसरीने पहिलीच्या नावावर एक दिवस जाऊन फेड करायची, की झालं. यात कोणी कोणाला फसवतं आहे असं कोणाला वाटत नाही. मलाही त्या वेळी वाटलं नाही. मी बिल्ला काढून तिच्या गळ्यात घातला.

दारावरच्या पोराने तिलाही लवून नमस्कार केला.

दिवाणखान्यात भिंतीवर मोठा टीव्ही होता. त्यावर आतली सभा दिसायची, आवाज बारीक. मी डुलक्या घेत बघत होते. मधेच मागच्या रांगेत चैताली दिसली, शेजारी भागीबाई, ताठ बसलेली. चैतालीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. लगेच माझ्या फोनवर तिचा निरोप आला, 'ताई हे काय.' मी फोन पदराखाली ठेवला.

आणि मग काय झालं कोण जाणे, सरकारांचं बोलणं लवकर आटोपलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, वेळ आहे, निरीक्षकांना बोलावू या. कोणा एका संस्थेचा गोरा माणूस बोलला. आणखी एक बाई बोलली. मग अध्यक्षबाईंनी समोरचा कागद वाचून आमच्या मंडळाचं नाव घेतलं, अडखळत, आणि पुढे म्हणाल्या, "सुलाबाई पगारे."

टेबलापाशी बसलेल्या प्रफुल्लने टीव्हीकडे पाहिलं. मग खुर्चीत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. मग परत टीव्हीकडे.

चैतालीने कागद उचलला होता. निवेदन तीच वाचणार, असं आमचं ठरलेलं. पण यादीत अध्यक्ष म्हणून माझं नाव होतं, तेच घेतलं गेलं, आणि नाव ऐकल्याबरोबर भागीबाईने मुकादमाला द्यावी तशी ओ दिली. माइकचा लाल दिवा तिच्या पुढ्यातच लागला.

"मी सुलाबाई," ती म्हणाली.

चैतालीने कागद खाली ठेवला. मग तिने ते इंग्रजीत सांगितलं. दुसरं ती काय करणार होती.

"निफाडकडं सरकारी दवाखान्यात शिस्टर व्हते. छाटणी झाली का बाया यायच्या. हात असे पुढं धरून यायच्या, परातीत काही ठेवलंय असे. मी इचारायची, काय लावलं व्हतं. त्या म्हनायच्या, बादलीतलं. डाक्टर म्हनायचे, बादलीतलं म्हंजे कोनतं? नाव सांगा, मंग त्यावरचं औषध देतो. बायांना नाव ठावंच नाय. मालकाकडं मानूस पाठवावा तं तो लासलगावला कांदे घेऊन गेलेला. मंग मी काय करायची, पानी वतायची. हापशाचं पानी, हातांवर, लय वेळ. येक बाई म्हनली, शिस्टर, तुमी निसतं पानीच देता का? मी म्हनलं, बाई, नाव असतं तं औषध दिलं असतं."

मी उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले. हे सगळं माझं होतं. हापसा, परात, लासलगावला गेलेला मालक. केव्हातरी पिंपळगावला मंडळाच्या बैठकीनंतर टेम्पोची वाट बघत मी तिला सांगितलं असेल. पाणीच देता का, असं मला विचारणारी ती बाई तर मी स्वतःही विसरून गेले होते. आणि भागीबाई ते कोणत्याही शब्दाची भर न घालता परत करत होती.

पण तिची बोटं? शिंपल्यासारखी नखं? संध्या? त्यातलं काहीच आलं नाही. मी नीट पाहिलं. तिने दोन्ही हात टेबलाखाली धरले होते. बोलताना ती नेहमी हात हलवते, इतकी की शेजारणीला लागतात. आज मात्र एकदाही वर आणले नाहीत.

शेवटी ती बादलीचं वाक्य म्हणाली, चैतालीने ते इंग्रजीत वाचलं, आणि दिवा विझला. अध्यक्षबाईंनी आभार मानले. मग त्यांनी विचारलं, कोणत्या सरकारचा या सूचनेला पाठिंबा आहे का. हा नियम मला तेव्हाच कळला: निरीक्षकाने सुचवलेला शब्द एखाद्या सरकारने उचलला तरच तो विचारात येतो, नाहीतर बोललात, आभार, संपलं. कोणी यंत्र कानातून काढत होतं, कोणी बाटलीचं झाकण लावत होतं. मग पुढच्या बाजूला एका काळ्या बाईने पाठिंबा म्हणून आपल्या देशाची पाटी उभी केली. देशाचं नाव मला वाचता आलं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. पण पाठीमागे प्रफुल्ल येऊन उभा राहिला होता.

"आजी, आत कोण बोललं?"

"भागीबाई. माझ्या बदलीवर."

"म्हणजे तुम्ही नाही बोललात."

"बोलणं माझंच होतं. शब्दन् शब्द. बोलली ती."

तो खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. रागावला नव्हता. "आजी, माझी आई लासलगावला कांद्याच्या चाळीत कांदे निवडायला जायची. बदली म्हणजे काय ते मला माहीत आहे. आई तापाने पडली की मावशी जायची, आईच्या नावावर. पण हे मी वरच्यांना इंग्रजीत कसं सांगू? इंग्रजीत त्याला दुसऱ्याच्या नावाने बोलणं म्हणतात, आणि ते फार वाईट दिसतं."

"मग न सांगितलं तर?"

"टीव्हीवर दिसलंय सगळ्यांना. तुमचा फोटो माझ्या कॉम्प्युटरवर आहे. उद्या कोणी काढलं तर तुमच्या मंडळाचं नाव कायमचं जाईल. बादली पण जाईल."

"आणि आज सांगितलं तर?"

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि मला त्या दिवसांतलं सगळ्यांत खरं उत्तर तेच वाटलं.

मी म्हटलं, "चल, सांगू या."

पुढचा तास कसा गेला ते मला सलग आठवत नाही. एका छोट्या खोलीत नेलं. एक परदेशी बाई, एक दिल्लीचा माणूस. दिल्लीचा माणूस हिंदीत विचारी, मी मराठीत सांगे, प्रफुल्ल इंग्रजीत करी. मी बदलीचं सांगितलं. परदेशी बाईने विचारलं, म्हणजे तिने तुमची नक्कल केली? मी म्हटलं, नाही, माझ्या जागेवर काम केलं. तिने लिहून घेतलं आणि पुन्हा तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. भागीबाईला बोलावलं. तिला एवढंच कळलं की काहीतरी चुकलं आहे.

"शिस्टर, मी कमी-जास्त बोलले का?" तिने मला विचारलं. "तुमचं व्हतं तेवढंच बोलले."

"नाही गं, बरोबर बोललीस."

"मंग हे का रागावले?"

शेवटी असं ठरलं. निवेदन मंडळाच्या नावाने नोंदलं जाईल. बोलणाऱ्या व्यक्तीचं नाव त्यात नसेल, ना माझं, ना तिचं. माझा बिल्ला जमा. चैतालीचा राहील. पुढच्या सभेच्या वेळी मंडळाला येऊ द्यायचं की नाही ते नंतर कळवतील. प्रफुल्लने भागीबाईच्या गळ्यातून बिल्ला काढताना तिच्या केसात अडकलेला पट्टा हळू सोडवला.

रिक्षात चैताली निवेदनाच्या कागदाला घड्या घालत बसली. द्वारका चौक ओलांडल्यावर एवढंच म्हणाली, "निदान मला सांगायचं होतंत."

"मला तरी कुठे माहीत होतं पाळी येईल म्हणून," मी म्हटलं.

"भागीमावशी, आणि तुम्ही तुमचे हात का नाही दाखवलेत? एवढी संधी होती."

भागीबाई बाहेर बघत होती. "नाव शिस्टरचं व्हतं ना," ती म्हणाली. "शिस्टरचे हात चांगले हायत. माझे दाखवले असते तं खोटं झालं असतं."

चैतालीने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या हातांकडे पाहिलं.

शेवटच्या दिवशी मसुदा पक्का होणार होता. अनौपचारिक बैठक लांबली, म्हणून चैतालीही बाहेरच. आम्ही तिघी दिवाणखान्यात बसून दाराकडे बघत होतो. दुपारनंतर दार उघडलं आणि निळे बिल्ले बाहेर यायला लागले. त्यांच्या चेहऱ्यांवरून काही कळेना. कोणी हसत होते, पण ते विमानाच्या वेळेबद्दल बोलत असावेत. मग कालची ती पाटी उभी करणारी बाई दिसली. ती सरळ भागीबाईकडे आली, "सुलाबाई" म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले.

भागीबाईने मागे हात नेले, पण तोवर त्या बाईने ते धरले होते. तिने खाली पाहिलं. नखं नसलेली बोटं तिने अंगठ्याने चाचपली, उलटी केली. तिच्या तोंडावरचं हसू गेलं. तिने चैतालीला काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत, पाणी ओतताना नर्सच्या हाताला पण इतकं लागतं का?"

काय सांगायचं. ही सुलाबाई नव्हे म्हणावं तर त्या बाईने ज्यासाठी पाटी उभी केली तेच खोटं वाटेल. हो म्हणावं तर भागीबाईचे हात माझ्या नावावर चढतील. मी तोंड उघडलं आणि माझ्याच तोंडून निघालं, "सुलाबाई मी. ही भागीबाई. माझं ती बोलली. हात तिचेच आहेत."

चैतालीने सांगितलं. ती बाई माझ्याकडे, मग भागीबाईकडे बघत राहिली. तिला कळलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तिने भागीबाईचे हात तसेच धरून ठेवले, एक वाक्य बोलली, आणि कोणी हाक मारली म्हणून गेली.

"काय म्हनली?" भागीबाईने विचारलं.

"म्हणाल्या, तुमची बादली कंसात आहे."

"कंसात म्हंजे आत का बाहेर?"

"वाक्य मसुद्यात घेतलंय," चैताली म्हणाली, "पण दोन्ही बाजूंना कंस टाकलाय. म्हणजे काही सरकारांना ते मान्य नाही. पुढच्या सभेत ठरेल. तेव्हा एकतर कंस काढतील, नाहीतर वाक्य."

"मंग आत का बाहेर?"

"आत आहे, पण..." चैताली थांबली. "थांबलंय, मावशी."

दवाखान्यात आम्ही केसपेपरवर एखादी गोष्ट कंसात लिहायचो, तेव्हा डॉक्टर ती वाचायचेच नाहीत. हे मी तिथे बोलले नाही.

भागीबाई पेठच्या गाडीत बसून गेली. जाताना खिडकीतून म्हणाली, "शिस्टर, माझी येक बदली तुमच्याकडं ऱ्हायली हां." मी हसले. मला वाटलं, थट्टा करतेय.

ऑक्टोबरात तिचा फोन आला. संध्याच्या मोबाइलवरून, मागे ट्रॅक्टरचा आवाज.

"पेस्ट सुरू झाली?"

"झाली. मालकाला म्हनलं, बादलीवर औषधाचं नाव घाला, मोठ्या सभेत तसं ठरलंय."

"अगं, ठरलं कुठे आहे?"

"त्याला कुठं ठावं हाय. त्यानं घातलं की. खडूनं घातलं, मोठं."

"काय नाव घातलं?"

तिला वाचता येत नाही, तिने संध्याला हाक मारली. मग मागून संध्याचा आवाज आला, तिने वाचून दाखवलं. "पेस्ट."

मला हसू आलं. बादलीवर नाव आलं होतं. आमचं वाक्य पाळलं गेलं होतं, कंस न काढता. आणि संध्याचे हात त्या बादलीत होते. हे जिंकणं म्हणायचं की काय म्हणायचं, मला ठरवता येईना.

"मालकाला म्हणावं, डब्यावरचं नाव घाल," मी म्हटलं. "आणि तोवर हातमोजे घातल्याशिवाय संध्याला बादलीला शिवू देऊ नकोस."

"मोजे मी आनलेत पेठवरून, ते सोडा. माझ्या बदलीचं सांगा. चैतालीताई म्हनत व्हती, पुढच्या सभेला येऊ देनार हायत."

देणार होते. तसं पत्र आलं होतं. सभा परदेशात आहे, पुढच्या वर्षी, आणि एकालाच जाता येईल. चैतालीने मला विचारलं होतं की नाव कोणाचं कळवू, आणि मी भागीबाईचं सांगितलं होतं. ते तिला अजून सांगायचं होतं.

"नाव तुझं कळवलंय," मी म्हटलं. "तुझं तू बोल. हात वर घेऊन बोल."

"मी नाय येवढ्या लांब जायची. तुमी जा माझ्या बदली. फेड हाय ती."

"अगं, बिल्ल्यावर फोटो असतो. मागच्या वेळी काय झालं पाहिलंस ना? आणि गुडघे बघ माझे."

"मंग माझं कोन बोलनार?" ती म्हणाली. "मी तं तुमचं बोलून आले."

ती जाईल की नाही, माहीत नाही. मी तर जाऊ शकत नाही. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्या नावावर ओ देताना तिला माझं सगळं येत होतं, हापशापासून परातीपर्यंत. तिच्या नावावर ओ द्यायची पाळी आली असती, तर मला काय येत होतं? बादलीचं एक वाक्य. मी स्टूल ओढून खिडकीशी बसले.

"भागीबाई, घाई आहे का तुला?"

"नाय. च्याची सुट्टी हाय."

"मग मला सगळं सांग. हात पहिल्यांदा कधी गेला, कोणत्या बागेत, कोण होतं बरोबर. पहिल्यापासून सांग."

"आता? फोनवर?"

"आता."

ट्रॅक्टर बंद झाला असावा. तिचा आवाज एकदम जवळ आला.

"डाव्या हाताचं आधी सांगू का उजव्या?"

"तुला जे आधी आठवेल ते."

"डावाच आधी गेला," ती म्हणाली, आणि सांगू लागली.